रेषेबाहेर चार बोटं

व्हर्लिन स्ट्राउड आमच्या क्लबात पहिल्यांदा आला त्या दिवशी फाटकावर मीच होतो. मी त्याला सांगितलं की जुन्या गाड्यांची जत्रा पुढच्या रविवारी आहे, कोर्टासमोरच्या मैदानात. यात माझी तरी काय चूक? अठरा फूट लांब पॉन्टियाक, सदुसष्ट सालची, पांढरी, पुढेमागे आरशासारखे बंपर. तिच्यातून उतरलेला माणूसही त्याच मापाचा. तो उतरला तशी गाडी डाव्या अंगानं हुश्श करून वर आली.

"जत्रेला नाही आलो," तो म्हणाला. "पळवायला आलोय."

मी हसलो. पुढची आठ वर्षं मी त्याला हसत होतो आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्रही मीच होतो. आमच्या इंडियानाच्या मक्याच्या मुलखात ही दोन्ही कामं एकच माणूस करतो.

आमचा खेळ तसा साधा. ब्रिस्को गावाबाहेर विमानांची एक बंद पडलेली धावपट्टी आहे. तिच्यावर रस्त्याच्या कामाला लावतात तसले नारिंगी कोन मांडायचे आणि त्यांच्यामधून एका वेळी एक गाडी नागमोडी पळवायची. भांडण फक्त घड्याळाशी. प्रत्येकाला चार फेऱ्या, त्यातली सगळ्यात चांगली धरायची. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूची चौकट आखलेली असते. कोन आडवा झाला किंवा पुरता चौकटीबाहेर सरकला, की दोन सेकंदांचा भुर्दंड. हे बघायला वेगळा पंच नसतो. अर्धे लोक पळतात तेव्हा उरलेले अर्धे उन्हात चौक्यांवर उभे राहतात, पडलेले कोन उचलतात आणि वॉकीटॉकीवर पुकारतात. मग अदलाबदल. म्हणजे ज्याच्याशी चढाओढ, तोच आपला पंच. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. पण माझ्या पंचवीस वर्षांत कुणी लागलेला कोन लपवल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी स्वतः लपवेपर्यंत.

तर हा व्हर्लिन. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात चौतीस वर्षं पुढच्या चाकांचा माणूस. गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेनं झिजतो, अशी तक्रार असली की लोक तीन तीन गावं ओलांडून त्याच्याकडे यायचे. तो चाकाला हात लावून, डोळे मिटून कल सांगायचा, आणि यंत्र नंतर तेच सांगायचं. पण या माणसाची ओळख करून देताना गावात कुणी त्याचा हात सांगत नसे, आकार सांगत असे. शाळेत फुटबॉलच्या संघात घेतला तो भिंत म्हणून. चर्चच्या गायकवृंदात शेवटच्या रांगेत उभा केला, कारण पुढच्या फळ्या कुरकुरत. लग्नाच्या दिवशी सासऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, की बाबा, तुझ्यासाठी खुर्ची आणू की बाक. व्हर्लिन या सगळ्याला हसायचा. हसणाऱ्या जाड माणसाला लागत नाही असा लोकांचा समज असतो.

ती गाडी त्यानं का निवडली असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला की ही वळत नाही असं सगळेच म्हणतात, आणि कुणी कधी तिला नीट वळायला शिकवलेलं नाही. एवढंच बोलून तो पुन्हा गाडीखाली गेला.

आमच्या क्लबाची एक रीत आहे. बाकी वर्षभर कोनांची मांडणी दर वेळी नवी, पण सप्टेंबरची मांडणी ठरलेली. पहिल्या सभासदांनी आखली तीच, फूटपट्टीनं मोजून, दर वर्षी. ती साठ सेकंदांच्या आत पुरी करील त्याचं नाव मार्लिसच्या व्हॅनच्या मागच्या दारावर आतून लिहायचं. मार्लिस म्हणजे आमची घड्याळवाली. प्राथमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही सगळ्यांना चौथीतलं समजणारी. दारावर एकतीस नावं होती. बक्षीस नाही, पेला नाही, नुसतं काळ्या शाईतलं नाव. आणि नाव लागलं की त्या माणसानं उरलेल्या फेऱ्या सोडून द्यायच्या, बॉनेट उघडून गाडी उभी करायची. पानावरून उठल्यावर पुन्हा घास घेऊ नये, तसं.

व्हर्लिनला त्या दारावर नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पहिल्या सप्टेंबरात त्यानं एकाहत्तर सेकंद घेतले. वळणावर गाडी इतकी कलली की डावीकडच्या चौकीवरचे दोघं पळाले. त्या हिवाळ्यात त्यानं पुढची सगळी जोडणी खोलून जमिनीवर मांडली. पुढेमागे मनगटाएवढे आडवे दांडे बसवले, म्हणजे अंग कमी कलावं. स्प्रिंगा बदलल्या. स्टिअरिंगची पेटी दुसरी लावली, कारण मूळची इतकी आळशी होती की वळण घ्यायला पाण्याचा रहाट ओढल्यासारखं चाक फिरवावं लागे. पुढच्या चाकांना धरणारे वरचे लोखंडी हात जिथे जोडलेले असतात ती भोकं त्यानं बुजवली आणि इंचभर खाली नवी पाडली, म्हणजे गाडी कलली तरी टायर जमिनीवर सपाट बसावा. हे गणित त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे टाचण्यांनी जोडून सोडवलं. पुढच्या वर्षी सहासष्ट. मग त्रेसष्ट. मग एकसष्ट पूर्णांक काहीतरी, आणि तिथे गाडी रुतून बसली.

मग वजन. बॅटरी मागच्या डिकीत नेली. लोखंडी भाग काढून ॲल्युमिनियमचे घातले. मागचं आसन गेलं, एअर कंडिशनर गेला, गालिचा गेला, शेवटी शेजारचं आसनही गेलं. फक्त बंपरला त्यानं हात लावू दिला नाही. मी म्हटलं, अरे, दोन्ही मिळून दोन मणांचं लोखंड वाहतोयस, काढून टाक. तो म्हणाला, "बंपर काढलेली पॉन्टियाक म्हणजे कवळी काढलेला माणूस. हिला जिंकायचं तर हिच्याच तोंडानं." प्रत्येक फेरीआधी तो पिवळ्या फडक्यानं दोन्ही बंपर पुसायचा. रांगेत मागे माणसं खोळंबली तरी पुसायचा.

मग कुठून तरी चार चाकांखाली ठेवायचे वजनाचे चार काटे आणले. गाडी एकटी असताना चारही कोपरे अगदी जमलेले. व्हर्लिन आत बसला की डावा पुढचा काटा असा उसळायचा, की त्याचंच तोंड पडायचं. मी म्हटलं, गाडी झाली बारीक, आता चालकाचं बघा. मी आपली गंमत केली होती. त्यानं दुसऱ्या दिवसापासून पाय सोडला. पाय म्हणजे चालायचा नव्हे, नदीनच्या हातचा, भट्टीत भाजलेला साखर आणि सायीचा गोड पदार्थ. नदीन ही त्याची बायको. तिचा पाय खायला आमचा पाद्रीसुद्धा निमित्त काढून यायचा.

"चाळीस वर्षं मी सांगतेय तेव्हा नाही ऐकलंस," नदीन म्हणाली, "आणि आता एका लोखंडाच्या डबड्यासाठी उपास करतोयस."

"ते डबडं काटा दाखवतं, नदीन. तू नुसती बोलतेस."

चौदा महिन्यांत त्यानं साठ पौंड उतरवले. सप्टेंबरात साठ पूर्णांक चार.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीच लागेल. माझं नाव दारावर आहे, आणि ते व्हर्लिनमुळे आहे. त्याच्या तिसऱ्या वर्षी मी तिसऱ्या फेरीत एकोणसाठ पूर्णांक सहा केले आणि बॉनेट उघडायच्या बेतात होतो, तेवढ्यात चौकीवरून व्हर्लिनचा आवाज आला, "एक कोन, बावीस नंबर." बावीस मी. मी तिथूनच त्याच्याकडे पाहिलं, नको ते बोललो, आणि रागानं चौथी फेरी मारली. एकोणसाठ पूर्णांक दोन. साफ. संध्याकाळी तो मला म्हणाला, "मी गप्प बसलो असतो तर तू हे केलं असतंस का, लोवेल?" मी त्याला त्या दिवशी सँडविच खाऊ घातलं, ताटाबाहेर लोंबणारं डुकराच्या मांसाचं. त्यानं अर्धंच खाल्लं.

हे मला ठाऊक होतं. ही गोष्ट मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. आणि तरीही.

त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात व्हर्लिनच्या उजव्या डोळ्यात मधोमध एक धुरकट डाग आला. डाव्यात सुरुवात होती. डॉक्टरनं सांगितलं की ऑक्टोबरात वाढदिवसाला परवान्याची मुदत संपेल, तो नवा होणार नाही. परवाना नाही तर आमच्याकडे फेरी नाही. म्हणजे हा सप्टेंबर शेवटचा. त्यानं हे मला सांगितलं ते पाना पुसता पुसता, जसं काही गॅरेज कोणत्या दिवशी बंद असतं ते सांगतोय. मग म्हणाला, "मांडणी पाठ आहे मला. डोळे फक्त सोबतीला."

त्या रविवारी नदीन पहिल्यांदाच आली. पाय घेऊन आली. व्हर्लिन सकाळी मांडणीतून पाच वेळा पायी फिरला, कोन मोजत, मान जरा तिरकी धरून, कारण सरळ बघितलं की डाग आड यायचा. आमचा गट चौक्यांवर होता. मला चौथी चौकी मिळाली, शेवटची. इथे पाच कोन एका ओळीत असतात, त्यांच्यामधून डावीउजवीकडे झुलत जायचं आणि मग शेवटची रेषा. माझा जोडीदार वाऱ्यानं पडलेला एक कोन उभा करायला लांब वळणावर गेला होता.

पहिली फेरी एकसष्ट. दुसरी साठ पूर्णांक दोन. तिसरीला तो आला तेव्हा मला आवाजावरूनच कळलं. त्या अजस्र गाडीला मी तशी कधी पाहिली नव्हती. टायर ओरडत नव्हते, अंग कलत नव्हतं, एवढी लांबलचक गाडी पाच कोनांमधून झुलत गेली आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला लाज नाही. लाज पुढच्याची आहे.

शेवटच्या कोनाला मागच्या बंपरचा उजवा कोपरा लागला. अगदी हलकेच. कोन पडला नाही. सरकला आणि उभा राहिला. मी जवळ गेलो. खडूच्या रेषेबाहेर चार बोटं. पुरता बाहेर, वादच नाही.

भोंग्यावर मार्लिसचा आवाज आला, एकोणसाठ पूर्णांक सात. तो आवाज थरथरत होता, आणि ती बाई भूकंपातही हजेरी घेईल. मग वॉकीटॉकीवर तिनं विचारलं, "चौथी चौकी. साफ आहे का, लोवेल?"

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मी पायानं कोन चौकटीत ढकलला आणि म्हणालो, "साफ." भोंग्यावरून ते धावपट्टीभर ऐकू गेलं.

का म्हणालो ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दया म्हणावं तर ती अर्धीच खरी. बाकीचं असं, की त्या क्षणी मला त्याला काही देता येत होतं, आणि देणारा व्हायची हाव मला सुटली. त्याची चौथी फेरी उरलीय हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ते आठवलं तेव्हा लांबवर व्हर्लिन गाडीतून उतरून बॉनेट उघडत होता. सगळे त्याच्याकडे धावत होते. नदीन धावत होती, गुडघे दुखत असताना.

त्यांचा गट संपायला अजून वीस मिनिटं होती. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. "एक कोन" एवढे दोन शब्द बोलायचे होते. बोललो असतो तर त्यानं माझ्यासारखंच चिडून बॉनेट आपटलं असतं आणि चौथी फेरी मारली असती. पण मग मी आधी खोटं बोललो हे सगळ्यांना कळलं असतं. एका पारड्यात त्याची फेरी होती, दुसऱ्यात माझी अब्रू. वीस मिनिटं मी उन्हात उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या. दोघांचे कोन पुकारलेसुद्धा, अगदी काटेकोर.

गट संपला. मार्लिसनं दाराच्या आत बत्तिसावं नाव लिहिलं. व्हर्लिननं दोन वर्षांनी पाय खाल्ला, उभ्यानं, हातानंच. मिशीला साय लागली होती. मला मिठी मारून म्हणाला, "बघितलंस ना तू? तुझ्याच समोरून गेलो." मी म्हटलं, बघितलं.

मग नदीनला फोटो काढायचा होता. गाडीच्या मागे, बंपर दिसेल असा. तिनं पिवळं फडकं घेतलं आणि कोपरा पुसायला वाकली. "हे नारिंगी काय लागलंय रे?" ती म्हणाली. "जात नाहीये."

व्हर्लिन तिच्या शेजारी वाकला. मान तिरकी केली, नीट दिसावं म्हणून. बोटानं त्या पट्ट्याची लांबी मापली. तिसऱ्या फेरीआधी त्यानं तो बंपर पुसला होता, नेहमीसारखा. मी चार पावलांवर होतो. तो उठला आणि माझ्याकडे आला. नदीनला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलला.

"आडवा झाला की सरकला?"

"सरकला."

"किती?"

मी चार बोटं दाखवली. तो त्या बोटांकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाच्या गाडीचं माप बघावं तसा. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"माझी एक फेरी उरली होती, लोवेल," तो म्हणाला.

मग तो व्हॅनकडे गेला. त्याच पिवळ्या फडक्याला स्पिरिट लावून त्यानं आपलं नाव पुसलं. मार्लिस धावत आली. तिला तो एवढंच म्हणाला, की कोन लागला होता, बंपरवर खूण आहे, आत्ता कळलं. माझं नाव घेतलं नाही. चौकीवर कोण होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्या नजरेतून निसटलं असेल असंच सगळे समजले. माझ्या बाबतीत कुणी दुसरं काही समजलंच नसतं. कोन उचलायला सुरुवात झाली होती. लोक म्हणाले, पुन्हा मांडतो, व्हर्लिन, तू चौथी मार. मार्लिस नियमाची एवढी पक्की, पण तीही तयार झाली. तो म्हणाला, "गट संपल्यावर दुसऱ्या कुणाला दिली असतीत का फेरी?" लोक पुन्हा कोन उचलायला लागले. नदीन राहिलेला पाय डब्यात भरत होती. तिला अजूनही काय झालं ते नीट कळलं नव्हतं.

ऑक्टोबरात परवाना गेला. पॉन्टियाक त्याच्या घरच्या गॅरेजात आहे. पहिली दोन वर्षं तो दर शनिवारी तिचे बंपर पुसायचा, मागचा उजवा कोपरा सोडून. आता तेही दिसत नाही त्याला, म्हणून नदीन पुसते, तोच कोपरा सोडून. मी एकदा व्हॅनपाशी जाऊन दारावरचं माझं नाव पुसायला लागलो. मार्लिस म्हणाली, हे काय चाललंय. खरं सांगितल्याशिवाय ते पुसता येणार नव्हतं. मी शाई फिकी झाली होती म्हणालो, आणि तिनं ते नाव पुन्हा गडद करून दिलं.

मंगळवारी मी त्याला डॉक्टरकडे नेतो. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो, मक्याचं, हवामानाचं, माझ्या गाडीचं पुढचं चाक घासतंय त्याचं. गेल्या मंगळवारी परत येताना, धावपट्टीच्या फाट्याशी, गाडी वळली ते त्याला अंगालाच कळलं. चेहरा समोर ठेवून त्यानं विचारलं, "खरं सांग. चौथ्या फेरीत झालं असतं माझं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. मी म्हणालो, "झालं असतं, व्हर्लिन. मी ती गाडी जवळून पाहिली. नक्की झालं असतं."

तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "त्या दिवशी 'साफ' म्हणालास, तेही याच आवाजात म्हणाला होतास."

मी वळणाचा दिवा लावून त्याच्या गल्लीत वळलो. नदीन फाटकाशी उभी होती. तिनं दार उघडून त्याचा हात धरला, आणि पायऱ्या मोजत त्याला आत नेलं.